कीबोर्डवर कोणी नव्हतं

९ फेब्रुवारी

ताई,

गवईचे डोळे वाचले. डाव्याने थोडं धूसर दिसेल, उजवा ठीक आहे. आज सकाळी पट्टी काढल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्वतः सांगितलं, मी तिथंच उभा होतो. छातीचं अजून काही सांगता येत नाही म्हणाल्या.

तू म्हणशील, इतक्या वर्षांनी पत्र आणि सुरुवात ही अशी. शिफ्टचे अहवाल लिहून लिहून हात असाच वळलाय. आधी काय झालं, मग कोणी सांगितलं, मग बाकीचं. फोन तू उचलत नाहीस म्हणून पोस्टाने लिहितोय.

गवई तुला आठवत असेल. गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो आणि गाडी मागे घेताना भोंग्याऐवजी स्वतःच तान मारतो. तू त्याला म्हणाली होतीस, "भोंगा दुरुस्त करून घे बाबा, एखाद दिवशी तुझा सूर चुकायचा आणि माणूस जायचा." सूर नाही चुकला. तिसऱ्या शेडमध्ये गाडी वळवताना पातं आम्लाच्या पिंपात घुसलं. पिंप फुटणं आपल्याकडे नवीन नाही. माती टाकतात, धुऊन काढतात, मला अहवालात चार ओळी लिहायला लागतात. पण या वेळी आम्ल वाहत शेजारच्या पॅलेटखाली गेलं आणि तिथं पोहण्याच्या तलावात टाकतात ती पांढरी भुकटी पोत्यांत रचलेली होती. पिवळट धूर उठला. बाकीचे दाराशी होते ते पळाले. गवई गाडीवर होता.

ती दोन्ही शेजारी कशी आली, यावर सरकारी चौकशी लागली आहे. कुठला माल कशाशेजारी ठेवायचा हे आपल्याकडे माणूस ठरवत नाही, प्रोग्रॅम ठरवतो, हे तुला मी काय सांगणार. तू लिहिलेला होता तोवर तो चालला. गेल्या वर्षापासून भिंगरीने तुझ्या त्या प्रोलॉग संगणकभाषेच्या नव्या बोलीत उतरवलेला चालतो. त्याने या जोडीला 'ठेवा' म्हटलं.

हो, भिंगरीने. माझी मुलगी तुझ्याजवळ बसून प्रोलॉग शिकली आणि तुझंच घर पाडायला निघाली, असं तू जाताना म्हणाली होतीस. कंपनीला नवी बोली हवी होती, तुला जुनी सोडायची नव्हती. तू राजीनामा दिलास, तिने काम घेतलं. तू तिला भाची म्हणणं सोडलंस, ती मात्र तुला अजून आत्याच म्हणते. असो, ते उकरत नाही.

साहेबांचं म्हणणं असं. आमचे साहेब म्हणजे नवे आहेत, कपड्याला सुरकुती चालत नाही म्हणून सगळे त्यांना इस्त्रीसाहेब म्हणतात. ते म्हणाले, "बदल करण्याआधी दोन्ही प्रोग्रॅम समोरासमोर चालवले होते. एका उत्तराचाही फरक नव्हता. म्हणजे जुना असता तरी हेच झालं असतं. खोट मुळात आहे, मुलीत नाही."

चौकशी अधिकारी तुला पत्र पाठवतील. एकच प्रश्न असेल: ज्या मालाची माहिती नाही, तो तुझा प्रोग्रॅम सुरक्षित धरत होता का.

ताई, या भानगडीत तू पडू नकोस. तुझी तब्येत, तुझं वय, कशाला नसता त्रास. "आठवत नाही" एवढं लिहिलंस तरी पुरे. तुला कोणी काही विचारायला येणार नाही.

तुझी वहिनी बरी आहे.

तुझा धाकटा


१७ फेब्रुवारी

ताई,

तुझ्या संगणकाची जुनी पेटी चालू झाली. काल दुपारी भिंगरीने चालू केली. हे मला कोणी सांगायला नको, मी शेजारी उभा होतो.

इस्त्रीसाहेबांना चौकशीत दाखवायला पुरावा हवा होता. तुझ्या प्रोग्रॅमला आम्ल आणि भुकटीची जोडी विचारायची, 'ठेवा' असं उत्तर आलं की छापून घ्यायचं, झालं. भांडाराच्या मागच्या खोलीत तुझं यंत्र अजून आहे. त्यावर रिकामी खोकी रचली होती, ती मी उतरवली. पडद्याला कडेने पिवळी झाक आली आहे. पण पहिल्याच दमात चालू झालं. भिंगरी म्हणाली, "आत्याचं आहे, रुसेल पण मरणार नाही."

तिने दोन्ही नावं घातली. आम्ही उत्तराची वाट बघत उभे.

उत्तर आलं नाही. प्रश्न आला.

पडद्यावर भुकटीचं नाव, आणि पुढे: आम्ल लागल्यावर वायू सोडते का? हो की नाही? खाली तो छोटा चौकोन लुकलुकत होता.

मी म्हटलं, "बिघडलंय वाटतं."

भिंगरी खुर्चीवर बसली. मग तिने 'हो' टाइप केलं. पडद्यावर आलं, 'ठेवू नका'. तिने सगळं पुसून पुन्हा तीच जोडी विचारली, पुन्हा तोच प्रश्न. या वेळी तिने काहीच न लिहिता नुसतंच बटण दाबलं. 'ठेवा'.

"बाबा," ती म्हणाली, "आम्ही चाचणी घेतली ना, तेव्हा हजारो जोड्या यंत्राला एकदम देऊन घरी गेलो होतो. कीबोर्डवर कोणी नव्हतं. हे बिचारं विचारत बसलं असणार. उत्तर नाही, म्हणजे याने 'नाही' धरलं. माझंही 'नाही' धरत होतं. म्हणून फरक आला नाही."

तुझ्या आणि तिच्या बोलीतला फरक तिने मला मागेच समजावला होता. मला कळला तेवढा सांगतो, चुकलं तर हस. तुझ्या बोलीत नियम बोलल्यासारखा लिहायचा: हा त्याच्याशेजारी चालत नाही, जर हा आम्ल असेल आणि तो वायू सोडत असेल. तिच्या बोलीत आधी नातं, मग कंसात दोघं, आणि शेवटी टिंब. टिंब राहिलं की ती पुढचं सगळं एकाच घासात गिळते. तुझ्याकडे एखादं सुटं लहान अक्षर म्हणजे 'कोणीही'. तिच्याकडे 'कोणीही' म्हणायचं तर अक्षर मोठ्या लिपीत हवं, लहान लिहिलं की ते कुणा एकाचं नाव समजलं जातं. एकाच आईची दोन लेकरं, पण एकाची मान हलली म्हणजे हो आणि दुसऱ्याची हलली म्हणजे नाही, असा तो प्रकार. तुझा नियम अन् नियम तिने उलटून, कंसात बसवून, टिंब देऊन लिहिला. त्यात तिची एकही चूक निघालेली नाही. नव्या बोलीत काम केलेल्या दोन बाहेरच्या माणसांनी तपासलं, त्यांनाही सापडली नाही.

गोची अक्षरांत नव्हतीच. तुझ्या बोलीला विचारायची सवय आहे. माहीत नसेल तिथं ती समोरच्याला विचारते, आणि त्यासाठी तू नियमाच्या शेवटी एक शब्द ठेवायचीस. भिंगरीने तो शब्द वाचला होता. तिला वाटलं, आत्याचा आणखी एखादा नियम असेल, माहिती भरायची राहून गेली असेल. तिची बोली त्या शब्दाशी येऊन अडायची, म्हणायची, असं काही मला ठाऊक नाही. दर थोड्या वेळाने अडायची. साहेब रोज विचारायचे, "झालं का?" शेवटी तिने एक ओळ लिहिली: सापडलं नाही तर 'नाही' समज. मग कुठं अडलं नाही.

तुझ्या वेळी पेटीने विचारलं की भांडारातला लांबुडका कारकून उठून शेडमध्ये जायचा, पिंपावरचा कागद वाचून यायचा आणि 'हो' दाबायचा. आम्ही त्याला हसायचो, यंत्राचा नोकर म्हणायचो. तो निवृत्त झाला तोवर बहुतेक मालाची उत्तरं पेटीत साठलेली होती, ती विचारायची बंद झाली. भिंगरी कामाला लागली तेव्हा तिने ती कधी विचारताना पाहिलीच नव्हती. ही भुकटी नंतर आलेली.

मी तिला म्हटलं, "हे तू कोणाला सांगणारेस?"

"चौकशीवाल्यांना."

"साहेबांना नको सांगू आधी?"

"साहेबांना सांगितलं की ते म्हणतील, यंत्र जुनं आहे, बिघडलंय. तुम्हीसुद्धा तेच म्हणालात."

मी तिला म्हटलं, आधी आत्याचं उत्तर येऊ दे, घाई नको. ती कबूल झाली. आत्या उत्तर देईल, आत्याला सगळं लख्ख आठवत असतं, असं म्हणाली.

आता मागच्या पत्राबद्दल. तुला त्रास नको म्हणून मी लिहिलं होतं. ते खरं नव्हतं. तू खरं सांगितलंस की त्रास भिंगरीला होणार आहे, म्हणून लिहिलं होतं. माणूस जायबंदी झालाय, निष्काळजीपणाचा गुन्हा लागू शकतो. कंपनी तिला एका दिवसात बाहेर काढेल आणि हे काम तिला परत कोणी देणार नाही. तुझं तसं नाही. तू नोकरीत नाहीस, कुणाच्या देण्याघेण्यात नाहीस. तुझ्या प्रोग्रॅममध्ये खोट होती असं ठरलं तर तुला कोण काय करणार?

तुझ्या वहिनीला हे मी बोलून दाखवलं. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "म्हणजे ताईंनी आयुष्यभर जे केलं ते खोटं ठरलं तरी चालेल. तुमची बहीण आहे म्हणून बरं, परकी असती तर विचारून तरी घेतलं असतं."

मी तरी विचारतोच आहे. म्हणून पुन्हा लिहितो, आठवत नाही म्हण.

तुझा धाकटा


२ मार्च

ताई,

तुझं उत्तर पोचलं. इस्त्रीसाहेबांनी आज मला बोलावून प्रत दाखवली. अधिकाऱ्यांच्या प्रश्नाखाली तुझ्या अक्षरात तीन शब्द. मला आठवत नाही. खाली सही.

साहेब खूश होते. "बाईंनी समजूतदारपणा दाखवला," म्हणाले. मला चहा मागवला. साहेबांकडे चहा मिळणं म्हणजे आमच्याकडे बढतीच्या खालोखाल.

मला वाटलं होतं, तू एक तर उत्तर देणार नाहीस, नाहीतर मला चार शब्द सुनावशील. तू लहानपणापासून कोणाला खोटं बोलू दिलं नाहीस. पाटी मी फोडली आणि मांजरावर ढकललं, तर तू मांजराच्या बाजूने साक्ष दिलीस. तीच तू.

चहा अर्धाच पिऊन आलो. बाकी सगळं आपल्या मनासारखं झालं.

भिंगरीला अजून सांगितलेलं नाही.

तुझा धाकटा


६ मार्च

ताई,

जुनी पेटी उद्या सुनावणीच्या खोलीत नेणार आहेत. अधिकाऱ्यांनी मला आज संध्याकाळी तोंडानेच सांगितलं, आणि दोन हमाल व विजेचं काम बघणारा एक माणूस द्या म्हणाले. हे पत्र तुला पोचेल तोवर सुनावणी होऊन गेलेली असेल. म्हणून या वेळी तुझ्याकडे काही मागत नाही.

भिंगरीला प्रत मी दाखवली नाही. ती तिने साहेबांच्या टेबलावर पाहिली. परवा घरी आली ती पायातलं न काढताच स्वयंपाकघरात आली. मी आणि तुझी वहिनी जेवत होतो.

"आत्याला आठवत नाही म्हणे," ती म्हणाली.

"वय झालं तिचं," मी म्हटलं.

"आत्याला? माझी पहिली चूक कुठल्या ओळीत होती ते तिने मला मी नोकरीला लागले तेव्हा सांगितलं होतं. ती चूक केली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, बाबा." ती माझ्या ताटासमोर येऊन उभी राहिली. "तुम्ही तिला काय लिहिलंत?"

मी म्हटलं, खुशाली लिहिली.

तुझ्या वहिनीने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "सांगून टाका. मी सांगितलं तर जास्त वाईट वाटेल तुम्हाला."

सांगितलं. भिंगरीने ऐकून घेतलं. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "म्हणजे तिने माझ्यासाठी खोटं लिहिलं. आणि तिला वाटत असणार, मीच लिहवून घेतलं."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. तुझी शपथ, नव्हतं आलं. तू मनात धरून बसली असशील की पोरीने आधी काम घेतलं आणि आता नावही घेतलं, आणि निरोप्या म्हणून बापाला पुढे केलं. तसं नाही, ताई. तिला मी तुला लिहिलेल्या पहिल्या दोन पत्रांतली एकही ओळ माहीत नव्हती. तिसरं तर मी तिला सांगितल्याशिवायच पाठवलं. हे तू धरून चाल, बाकी माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू दे.

मग ती म्हणाली, "मी उद्या जाऊन सांगणार." मी म्हटलं, "तुला काय होईल कळतंय का?" ती म्हणाली, "गवईकाकांना झालं ते कळलं. माझं त्याहून कमीच असेल."

ती जेवली नाही. वहिनीने ताट झाकून ठेवलं.

काल मी गवईकडे गेलो. छातीचं अजून तसंच आहे, चार पावलं चालला की धाप लागते. बोलायला लागला तर मधेच थांबतो आणि थांबलेल्या जागी हसतो. "साहेब, आता तान गेली," म्हणाला. "भोंगा लावून घ्यावा लागणार." मी त्याला पेटीची गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं, तो चिडेल. त्याने विचारलं, "मग दुसऱ्या शेडांत काय काय ठेवलंय?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"ही भुकटी नंतर आली म्हणता. नंतर आणखी काय काय आलं? ते कशाशेजारी आहे?"

 महिनाभर मी भिंगरीचं काय होईल आणि तुझ्याकडून काय लिहून घ्यावं एवढ्याच हिशेबात होतो. शेडांत रोज माणसं काम करताहेत. नव्या प्रोग्रॅमने वर्षभर जे 'ठेवा' म्हटलंय, त्यातलं किती न विचारता म्हटलंय, हे कोणीच पाहिलेलं नाही. चूक तुझी ठरली असती तर ते कोणी पाहिलंही नसतं. जुना प्रोग्रॅम वाईट, तो तर बंदच आहे, मिटलं.

तिथून थेट अधिकाऱ्यांच्या कचेरीत गेलो. भिंगरी सकाळीच येऊन गेली होती, तिचा जबाब टाइप होत होता. अधिकारी तरुण आहेत, आवाज न चढवता बोलतात. मी सांगितलं की तुमच्याकडे आलेलं बहिणीचं उत्तर माझ्या सांगण्यावरून आलं आहे, तिला सगळं आठवतं. त्यांनी विचारलं, "हे लेखी द्याल?" मी म्हटलं, लिहिण्याचंच काम करतो. तिथल्याच बाकावर बसून लिहून दिलं. आधी काय झालं, मग कोणी सांगितलं, मग बाकीचं. दोन्ही पत्रांत मी तुला काय लिहिलं तेही जसंच्या तसं लिहिलं. तू खोटं उत्तर दिलंस यावरून तुला त्रास होईल का, विचारलं. ते म्हणाले, ते त्या कोणाच्या दबावाखाली होत्या यावर ठरेल. मी म्हटलं, दबाव माझा होता, तसं लिहा.

मग मी शेडांचं विचारलं. त्यांनी तिथल्या तिथं फोन उचलला. आज सकाळपासून तिन्ही शेडांत माल आणणं-नेणं बंद आहे. इस्त्रीसाहेब माझ्या खोलीत आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "तुम्ही घरातली भांडणं कंपनीत आणलीत." मी म्हटलं, "भांडण नाही, साहेब. आमच्या घरात आत्या-भाची आता एकाच बाजूला आहेत." ते गेले. दुपारी माझ्या टेबलावर कारणे दाखवा नोटीस आली. भिंगरीच्या टेबलावर आधीच होती.

तुझ्या उत्तरावर मला एक विचारायचं होतं, पण आता विचारत नाही. तू ते भिंगरीला वाचवायला लिहिलंस, का मला कळावं म्हणून लिहिलंस, का दमून लिहिलंस. तुझा प्रोग्रॅम खोटा ठरवण्याच्या कागदावर तुला स्वतः सही करायला लावली, हे मी केलं. ते वाक्य मागे घे असं तुला सांगायला मला तोंड नाही. माझ्याकडून जेवढं मागे घेता येत होतं तेवढं घेतलं आहे.

उद्याचं असं ठरलंय. पेटी आधी लावून घेतील. भिंगरी कीबोर्डवर बसेल आणि अधिकारी तिला जोड्या सांगतील, गेल्या वर्षात आलेला एकेक माल. पेटी विचारेल तिथं रसायनतज्ज्ञ बाई उत्तर देतील, भिंगरी ते दाबेल, आणि दुसऱ्या टेबलावर तिचाच प्रोग्रॅम काय म्हणतो ते शेजारी लिहिलं जाईल. किती ठिकाणी दोघांचं पटत नाही ते तेव्हा कळेल. वीसेक असतील असा तिचा अंदाज आहे. तिने तो मला सांगितला, म्हणजे परवानंतर ती माझ्याशी प्रथमच बोलली.

त्यानंतर साक्षी. बहुधा संध्याकाळपर्यंत चालतील, आणि भिंगरीची नोकरी तेवढा वेळही टिकणार नाही, असं सगळे म्हणतात. गुन्ह्याचं काय होईल ते कोणी सांगत नाही.

साक्षीदारांचा कागद दारावर लावला आहे. पहिलं नाव भिंगरीचं आहे, दुसरं माझं. ते मीच सांगून घालून घेतलं.

तुझा धाकटा